नवं इंजिन, जुने ब्रेक

या माउली, असे जवळ सरका, दातिवऱ्याच्या एका पिकअपची गोष्ट कानी घालतो.

धर्माजी देवाघरी गेला आणि त्याची मासळी वाहणारी जुनाट पिकअप लेकाकडे, निमेशकडे आली. निमेशनं बोईसरला नेऊन तिला नवं दणकट इंजिन बसवून घेतलं. मिस्त्री म्हणाला, "भाई, ब्रेक भी नये डाल लो."

"ते पुढच्या हप्त्यात. आता धंद्याचे दिवस हायेत."

घरी आई, वत्सला, करवादली. "घोडा नवा आणलास, नि लगाम बापाचाच ठेवलास?"

"आये, बापानं त्याच लगामावर जलम काढला."

दुसऱ्या सकाळी बर्फाच्या लाद्या भरून तो बंदराकडे निघाला. जुन्या इंजिनाची सवय असलेला पाय. उतारावर गाडी कधी सुसाट सुटली, त्याला कळलंच नाही. तळाशी बाया मासळी निवडत बसल्या होत्या, आणि त्यांत वत्सलाही होती. निमेशनं जिवाच्या आकांतानं ब्रेकवर पाय मारला. गाडी आईच्या टोपलीपासून हातभरावर थांबली.

ती गाडी मग टेम्पोला बांधून बोईसरला नेली. मिस्त्रीनं चाकं खोलली आणि बघतच राहिला. "भाई, इसमें तो ब्रेक बचा ही नहीं. गाडी रुकी कैसे?"

निमेशनं वाकून पेडलकडे बघितलं.


त्या उतारावर त्याच्या पायाखाली पेडल नव्हतंच. एक थंडगार अनवाणी पाय होता, आणि त्यानं ब्रेक आधीच दाबून धरला होता.

बाबांनो, उतार लागला की धर्माजीची आठवण ठेवा.