गिअरबॉक्समधलं जातं

बायको जाऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा मी पातूरला दुसऱ्या महायुद्धातून उरलेला जुना बुलडोझर दुरुस्त करायला गेलो. दुसरा गिअर पडत नव्हता. पहारीचं टोक गिअरबॉक्सवर टेकवून मी दुसऱ्या टोकाला कान लावला. आत कोणी जातं फिरवत होतं, माझ्या सुभद्रेसारखंच, जरा अडखळत.

"इंजिन बंद करा, नत्थुजी."

"कवाचंच बंद केलं, मिस्त्री. कान गेले का तुमचे?" ड्रायव्हर हसत खाली उतरला. त्यानेही कान लावला, आणि त्याचं हसू गेलं.

"आत बाई गाऊन राहिली. खोलू नका."

मला मात्र तिला पाहायचं होतं. मी पहिला बोल्ट सैल केला.

जातं थांबलं. घरी कडी वाजली की सुभद्रा असंच जातं थांबवायची, आणि कोण आलं ते पाहायला उठायची.