हवेतले अपूर्णांक

"बाई, छेदात सात होता की एक?" दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

गणिताच्या बाईंनी हवेत बोटानं पुन्हा सात काढला, या खेपेला पोटात आडवी रेघ देऊन. वर्गानं मान डोलावली आणि उतरवून घेतला.

बाईंच्या मागे भिंतीवर नवा डिजिटल फळा होता. काळाभोर, चकचकीत. बसवला त्या दिवसापासून तो एकदाही सुरू झाला नव्हता, आणि जुना फळा खडूंसकट भंगारात गेला होता. नव्याचा उपयोग एवढाच की बाईंना त्यात आपला अंबाडा नीट दिसायचा. मुख्याध्यापिकांनी मात्र सगळ्यांना बजावलं होतं, ज्यांना हा फळा जमणार नाही त्यांचा वर्ग काढून घेणार. तेव्हापासून बाई हवेत शिकवत होत्या. मुलांना सुलटे दिसावेत म्हणून आकडे उलटे काढायची इतकी सवय झाली होती की घरी त्या सामानाची यादीही उलटी लिहायच्या. नवरा मुकाट्यानं आरशापुढे धरून वाचायचा.

आज शेवटच्या बाकावर वरच्या कार्यालयातून आलेला माणूस बसला होता. गळ्यात ओळखपत्र, हातात वही. आल्यापासून तो भराभरा लिहीत होता. तरी बाईंनी बेरीज पुरी केली आणि उत्तराखाली हवेत दोन रेघा ओढल्या.

"बाई, पुसू?" एकानं विचारलं, आणि पुढे येऊन हवा पुसली.

घंटा झाली. मुलं बाहेर पळाली. तो माणूस पुढे आला तसे बाईंनी हात जोडले.

"साहेब, लपवत नाही. मला यातलं काही म्हणजे काही येत नाही. पण वर्ग काढून घेऊ नका."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"अहो बाई, मी कसला साहेब! शिक्षकांना मदत करायला नेमलंय मला. परवाच रुजू झालोय, मलाही यातलं काही येत नाही. बाकी सगळ्या वर्गांतून तक्रारी आल्या, तुमच्या वर्गातून एकही नाही. म्हणून म्हणाले, आधी या बाईंकडून शिकून ये, मग बाकीच्यांना शिकव."

दोघं काळ्या काचेत आपापली तोंडं बघत राहिले.

"तक्रार करता येते?" बाईंनी विचारलं. "कुठे?"

"फळ्यावरच," तो म्हणाला. "सुरू केला की कोपऱ्यात बटण येतं."