मखमलीवरचा हात

प्रांजलीने लेझरच्या वायूत ऊर्जा भरणारी इलेक्ट्रॉन-गन डिझाइन केली. तिच्यात काळ्या मखमलीची चकती होती, कारण विजेचा झटका दिला की मखमलीच्या लवेतून इलेक्ट्रॉन सगळीकडून सारखे सुटतात. लव दबली किंवा तेलकट झाली, तर तिथून सुटत नाहीत. चकती माणगावात शिवणकाम करणाऱ्या बाबांनी कापली होती. “चिमट्यानेच उचला,” तिने त्यांना बजावलं होतं. पहिल्याच चाचणीत इलेक्ट्रॉनांनी समोरची फिल्म काळी केली, मधोमध मात्र पांढरा पंजा उमटला. कात्री धरून वाकडं झालेलं बोट तिने लगेच ओळखलं. “पुन्हा सगळं उघडा,” प्रयोगशाळेचे साहेब वैतागले. तिने फोन लावला. “बाबा, हात लावलात ना?” “कापून झाल्यावर एकदाच ठेवला गं. म्हटलं, पोरीच्या कामाला यश येऊ दे.” ती म्हणाली, “नवी चकती कापा. न्यायला मीच येते. हात माझ्या डोक्यावर ठेवा.”