नावाडीण बोलत नाही

"हलू नकोस गं, टोचेल," मावशी म्हणाली आणि उरलेल्या टाचण्या तिनं ओठांत धरल्या.

भाची स्टुलावर उभी होती. गणवेशाचा स्कर्ट यंदाही आखूड झाला होता. मावशीनं खालची दुमड उसवून सोडली होती. तिची रेघ इस्त्री फिरवूनही गेली नव्हती.

"तर ऐक," भाची म्हणाली. "राजकन्येची आई मेलेलीच नाहीये. ती मुखवट्यातली नावाडीण आहे ना, दर भागात तिला नदीपार नेते? तीच तिची आई."

"हं," मावशी टाचण्यांमधून म्हणाली. ती जाडजूड पुस्तकं आणि फोनवरचा वाचकांचा कंपू, घरात सध्या दुसरा विषय नव्हता. जेवतानासुद्धा अख्खा राजवाडा ताटाशी येऊन बसायचा.

"आमच्यात नुसती भांडणं चाललीयत. कोण म्हणतं ती आत्या, कोण म्हणतं साधीसुधी नावाडीण. मग ती बोलत का नाही? एकदाही नाही! बोलली तर लेक आवाज ओळखेल, म्हणून."

मावशीनं तिच्या पोटरीला बोट लावून वळायची खूण केली. भाची वळली.

"आणि मुख्य म्हणजे राणीचं प्रेत कुणी पाहिलेलंच नाही. राजवैद्य सांगतो म्हणून सगळे मानतात. जे दाखवलं नाही ते झालं नाही, असा आमचा नियमच आहे."

मावशीचा हात थांबला.

"मलाही आईला नव्हतं दाखवलं," भाची म्हणाली. सहज. जरा जास्तच सहज.

मावशीनं टाचण्या तळहातावर काढून घेतल्या. "एवढीशी होतीस गं. मीच म्हटलं, लेकराला नेऊ नका."

"पण तू पाहिलंस ना?"

"पाहिलं की. झोपल्यासारखी दिसत होती ताई." हे वाक्य तिच्या तोंडात बसलेलं होतं. पोरीनं कधीही विचारावं, हेच निघायचं.

भाची वाकून तिच्याकडे बघत राहिली. "राजवैद्यही हेच म्हणतो. अगदी हेच. आणि खरं तर तेव्हा तो राजकन्येला घेऊन दुसऱ्याच खोलीत बसलेला असतो. पुढच्या भागात कळतं. लबाड लेकाचा!"

मावशी हसायला गेली. जमलं नाही.

दुसरी खोली. आतून लावलेली कडी. कुशीत गाढ झोपलेलं लेकरू, आणि बाहेर माणसांची कुजबुज. कुजबुज थांबेपर्यंत मावशीनं दार उघडलंच नव्हतं. उघडलं तेव्हा ताईला नेलेलं होतं.

"मावशी, कोणते कपडे होते तिच्या अंगावर?"

जिन्यात पावलं वाजली. हलकी, बाईमाणसाची. दाराशी येऊन थबकली, श्वास घेतल्यासारखी, आणि वरच्या मजल्यावर निघून गेली.

भाचीनं दारावरची नजर काढून खाली पाहिलं. मावशी गुडघ्यांवर तशीच होती, दाराकडे तोंड करून, मूठ घट्ट आवळून.

"तूपण वाट बघतेस?" भाची हळूच म्हणाली.

मावशीनं मूठ उघडली. टाचण्या तळव्यात रुतल्या होत्या. एकेक सोडवून तिनं त्या पुन्हा ओठांत धरल्या आणि दुमडीवर वाकली.