नावं ठेवणारा

माझा धाकटा जेवायला बसला की नावं ठेवायलाच बसतो. फोडणी जळली, लसूण शिळा! स्वतः कारखान्यात बिअर गाळतो, आणि वर ऐट काय, तर “आई, मी चाखल्याशिवाय एक पिंप बाहेर जात नाही.” मी त्याच्या बाटलीला कधी हात लावला नाही. दारूवाल्याची आई म्हणवून घ्यायची मला हौस नाही.

तापातून उठल्यापासून मात्र ताट चाटूनपुसून खातो आणि “झकास” म्हणतो. म्हटलं, आलं पोरगं वळणावर. काल दोन वाट्या रस्सा ओरपून झकास म्हणाला. मग मी घास घेतला, तर मीठच घालायचं राहिलेलं! म्हणजे इतके दिवस हा माती खाल्ल्यासारखा जेवत होता, आणि मी मनात मिरवत होते.

मी बघतेय म्हटल्यावर त्याने मान खाली घातली. “चवच गेलीय गं. कामावर कळलं तर काढून टाकतील.”



“रडतोस काय? आई मेलीय का तुझी? उद्या बाटली घरी आण. मी चाखते आणि सांगते, कडू किती नि आंबट किती.”