सत्तावन्न दात्यांचं चाक

नरहर मास्तरांनी चाक धोतराच्या सोग्याला पुसलं आणि भिंगाखाली धरलं. पितळी, तळहातात मावणारं, कडेला बारीक दाते. मन्नाएखेळ्ळीच्या हमरस्त्यावरचा भंगारवाला शिवशरण कमरेवर हात ठेवून बघत होता. हैदराबादेहून आलेल्या भंगारात त्याला ते सापडलं होतं. मास्तर बुधवारी येणारच, म्हणून त्यानं ते बाजूला काढून ठेवलं होतं.

"ह्येच की न्हाई, मास्तर? बगा नीट."

मास्तरांच्या पत्नी कुसुमताई शेजारी पिशवी सांभाळत उभ्या होत्या. हेच होतं. त्यांना ओळखायला भिंग नको होतं. याचं जुळं भावंड बिदरला त्यांच्या स्वयंपाकघरात, मेथ्यांच्या डब्यात तळाशी पडलेलं होतं. ते तिथं त्यांनीच लपवलं होतं.

हे चाक ज्या खेळण्याच्या पेटीतलं, ती पेटी त्यांच्या मुलाची, मुकुंदाची. शहाबादचा एक इंग्रज इंजिनीयर मायदेशी जाताना सामान विकून गेला, त्यात मास्तरांनी ती पोरासाठी घेतली होती. भोकाभोकांच्या लोखंडी पट्ट्या, चाकं, स्क्रू. जोडाल ते तयार. मुकुंदानं त्यातून पूल केले, क्रेन केली, आणि नवव्या वर्षी विषमज्वरात तो गेला.

मग घरातलं बोलणंच आटलं. वर्ष तसंच गेलं. कुसुमताईंना त्या वर्षातले मास्तर आठवत ते उघडी पेटी पुढ्यात घेऊन बसलेले. निम्मे भाग गल्लीतल्या पोरांनी कधीच लांबवले होते. एक दिवस मास्तर उठले आणि म्हणाले, "ही भरायची. चल माझ्यासंगं."

तेव्हापासून दोघं बाजार पालथे घालत होते. बिदर, गुलबर्गा, हैदराबाद. मास्तरांना त्यातलं इतकं कळायला लागलं की विचारू नका. रंग गडद हवा. भडक लाल म्हणजे नंतरचा माल. पट्टीच्या पाठीवर कंपनीचं नाव ठोकलेलं नसेल, तर नक्कल. आणि क्रेनच्या मोठ्या चाकाला दाते सत्तावन्नच हवेत. ऐकून ऐकून कुसुमताईही तयार झाल्या. भाव पाडण्यात तर त्यांचा हात कुणी धरेना. परतीच्या बसमध्ये त्या बोलायला लागल्या की मास्तरांना डुलकी काढायची सोय नसे.

शेवटी पेटीत एकच जागा रिकामी राहिली, त्या चाकाची. "ते घावलं की पेटी दोरीनं बांधायची आन् माळ्यावर टाकायची. सुटलो," मास्तर म्हणाले. आणि त्याच दिवाळीत घर सारवता सारवता उंबऱ्याच्या फटीतून कुसुमताईंच्या हाताला चाक लागलं. पेटी माळ्यावर गेली, की घरात पुन्हा ते भिंतीकडे बघत बसणं सुरू होईल, या भीतीनं त्यांनी ते मेथ्यांत पुरलं.

पण त्या दिवसापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. मास्तरांचे गुडघे गेले होते, डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. तरी दर बुधवारी स्वारी तयार. बसच्या पायरीवर ते "आई गं" करत चढले, की हे पाप आपलं, असं कुसुमताईंना वाटे.

आताही मास्तर नखानं एकेक दाता मोजत होते. कुसुमताई मनात मोजत होत्या. सत्तावन्न.

"छप्पन्न," मास्तर म्हणाले आणि त्यांनी चाक खाली ठेवलं. "हे न्हवे. एक दाता कमी हाय."

जन्मभर गणित शिकवलेला माणूस एका दात्यानं चुकला. दिसेनासंच झालं यांना, आणि आपण मात्र हिंडवतोय. आता बोललो नाही, तर हे ती रिकामी जागा बघतच मरतील. शिवशरण चहा सांगायला वळला, तशी कुसुमताईंनी मास्तरांची बाही धरली.

"अहो, सत्तावन्नच हायत. मी मोजले. आन् माफ करा मला. आपलं चाक घरातच हाय. मीच लपवून ठेवलंय."

"मेथ्यांच्या डब्यात," मास्तर म्हणाले.

कुसुमताईंनी बाही सोडली.

"मागल्या साली तू लातूरला गेलीस, आन् माझं पोट बिघडलं. मेथ्या काढताना हाताला लागलं. होतं तसं ठेवून दिलं."

"मग कामून हिंडायलात या गुडघ्यांनी?"

मास्तरांनी भिंग पुसून खिशात घातलं.

"मुकुंदा गेला त्या साली मी शाळेतून येऊन रोज तुझ्याशी बोलायचो. तू भिंतीकडं बघत ऱ्हायचीस. पैल्या पट्टीसाठी बाजारात नेलं, तवा तू भंगारवाल्याशी भांडलीस. सालभरात तेवढंच तुझ्या तोंडातून आलं. आता पेटी भरली आन् तू परत गप झालीस, तर मी काय करू?"

कुसुमताईंना ती भिंत आठवली. तिच्यावरचा ओलीचा डाग, त्याच्या सगळ्या कडा त्यांना पाठ होत्या. त्या कशा पाठ झाल्या, हे इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

शिवशरण चहाचे पेले घेऊन आला. "मग, मास्तर? बांधून देऊ का?"

कुसुमताईंनी पदरानं डोळे पुसले. चाक उचललं, सावकाश नखानं सगळे दाते मोजले आणि त्याच्या हातात परत दिलं.

"छप्पन्नच हायत, अण्णा," त्या म्हणाल्या. "दुसरं हुडकून ठेवा. आम्ही येतो पुढल्या बुधवारी."