ऑपरेटरचा रकाना

अकरा वर्षं पॅकिंगचं मशीन मी एकटी चालवतेय, पण हजेरीपटावर माझ्या नावापुढे 'मदतनीस'. शेजारच्या तसल्याच मशीनवरचे पुरुष मात्र 'ऑपरेटर', आणि त्यांचा पगार माझ्या दीडपट.

"मी मदतनीस, मग ऑपरेटर कुठाय? मदत करते कुणाला, मशीनला?" असं विचारलं की साहेब हसायचे. "अहो ताई, बाईमाणसाला ऑपरेटर करायची आपल्याकडे पद्धत नाही."

काल मशीनचा पट्टा तुटला आणि दिवसभराचं काम बुडालं. पट्टा बदला म्हणून मी तीनदा लेखी दिलं होतं, पण खापर फोडायला डोकं माझंच सापडलं. आज साहेबांनी सही-शिक्का मारलेला कागद माझ्यापुढे आपटला. 'ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे मशीन बंद पडले.' खाली ऑपरेटरच्या रकान्यात माझं नाव.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण तो रकाना मी पुन्हा एकदा नीट वाचला.

"वाचत काय बसलात? करा सही!"



"आधी याची एक प्रत द्या, साहेब. मी ऑपरेटर आहे हे कामगार न्यायालयात सिद्ध करायला एवढाच एक कागद हवा होता."